फिर्याद आपली, वकील कुणाचा?



रब्बीच्या हंगामात एका गावी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बैठक होती. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर मंडळी जमली होती. कामगंध सापळे कसे लावायचे, पक्षीथांबे कुठे उभे करायचे, हे सगळे सांगून झाले. मंडळी चहाकडे वळली तेव्हा मागे बसलेली एक बाई पुढे आली. उजव्या मनगटाला प्लास्टर होते.

"साहेब, तुम्ही शिकल्याले हाय म्हणून इचारते. वकील लावायचा तर गाय इकावी लागंल. इकू का?"

हकिगत नेहमीचीच होती. शेजाऱ्याने नांगरट करताना बांध कोरला. हिच्या नवऱ्याने हटकले. शब्दाने शब्द वाढला आणि कुऱ्हाडीचा दांडा नवऱ्याच्या पाठीत बसला. सोडवायला ही मधे पडली, तर हिचे मनगट मोडले. पोलिसांत फिर्याद झाली होती, सरकारी दवाखान्यात तपासणीही झाली होती. आता गावातले जाणते दोन तऱ्हांचे सल्ले देत होते. एक म्हणत, "समोरच्याने मोठा वकील दिलाय. तुम्ही नाही दिला तर केस बुडालीच समजा." दुसरे म्हणत, "सरकारी वकील असतो की. तुम्ही गप घरी बसा."

घरात एकच दुभती गाय, तीही पाच महिन्यांची गाभण. डेअरीतून दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पैशावर घर चालते. तेव्हा प्रश्न नुसता कायद्याचा नव्हता, चुलीचा होता.

मी बाईंना म्हटले, "ताई, गाय विकू नका. पण गप घरीही बसू नका." याचा अर्थ काय, हे त्या दिवशी पारावर जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. आज ते आपणा सर्वांसाठी सविस्तर लिहितो.

कोनाड्यातला कागद

मी शेतीखात्याचा माणूस. खताची मात्रा विचारली तर झोपेतही सांगेन. कायदा हा माझा विषय नव्हता. तो मला घरच्या ठेचेने शिकवला.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या चुलत्यांचा विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप चोरीला गेला. चुलत्यांनी फिर्याद दिली. संशय कुणावर आहे आणि रात्री बैलगाडी जाताना कुणी पाहिली, हेही सांगितले. वर्ष गेले. एके दिवशी कोर्टाचा एक कागद घरी आला. चुलत्यांनी सही करून तो घेतला आणि कोनाड्यात ठेवला. "सरकार बघतंय की," असे म्हणून ते औताला गेले. मी तेव्हा घरीच होतो. बी.एस्सी. झालेला पुतण्या! पण मीही तो कागद उघडून वाचला नाही.

दिवाळीला घर सारवताना कागद हाती लागला. चोरी खरी, पण चोर सापडत नाही, म्हणून प्रकरण बंद करावे असा अहवाल पोलिसांनी कोर्टाला दिला होता. फिर्यादीचे काही म्हणणे असल्यास अमुक तारखेला हजर राहून सांगावे, असे त्या कागदात लिहिले होते. ती तारीख उलटून चार महिने झाले होते. बैलगाडी पाहणाऱ्या माणसाचा जबाब कुणी घेतलाच नव्हता. त्या तारखेला उभे राहून एवढे एक वाक्य कोर्टाला सांगायचे होते. सांगायला कुणी गेले नाही.

त्यानंतर मात्र मी चौकशी करीत गेलो. तालुक्याच्या कोर्टात ओळखीच्या वकिलांना विचारले, कायद्याची पुस्तके चाळली. जे कळले ते असे.

सरकारी वकील कुणाचा?

चोरी, मारामारी, खून अशा गुन्ह्यांत खटला 'राज्य विरुद्ध आरोपी' असा चालतो. गुन्हा एका माणसाविरुद्ध घडला तरी तो साऱ्या समाजाविरुद्ध घडला असे कायदा मानतो. म्हणून खटला चालवण्याचा भार सरकार उचलते. तालुक्याच्या फौजदारी कोर्टात सहायक सरकारी वकील असतो. खुनासारखे खटले सत्र न्यायालयात चालतात आणि तेथे खटला सरकारी वकिलानेच चालवला पाहिजे असा कायदाच आहे.

म्हणजे आरोपीवर खटला चालावा एवढ्यासाठी फिर्यादीने पदरचा वकील देण्याची गरज नाही. 'तुम्ही वकील दिला नाही तर केस उभीच राहणार नाही' असे कुणी सांगत असेल तर ते खरे नव्हे. सरकारी वकिलाला फिर्यादीने फीही द्यायची नसते. त्याच्या नावाने कुणी पैसे मागितले तर ती लाच होय. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा फोन त्यासाठीच आहे.

पण नाण्याची दुसरी बाजू ध्यानात घ्या. सरकारी वकील राज्याचा असतो, तुमचा नसतो. तुम्ही त्याचे अशील नाही, साक्षीदार आहात. त्याच्यापुढे रोज अनेक प्रकरणांचे गठ्ठे असतात. पोलिसांनी जे कागद दिले त्यावर तो खटला चालवतो. कागदात जे आलेच नाही, ते त्याला कळणार कसे? कालव्याचे पाणी सरकार सोडते हे खरे, पण आपल्या वाफ्यात पाणी पोहोचले की मधेच फुटले, हे पाहायला बांधावर आपणच उभे राहावे लागते. तसेच हे आहे.

आपला वकील दिला तर तो काय करील?

पूर्वी फिर्यादीच्या वकिलाला फारसे स्थान नव्हते. ३१ डिसेंबर २००९ पासून कायद्यात सुधारणा झाली. कोर्टाच्या परवानगीने पीडिताला आपल्या पसंतीचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येऊ लागला. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यातही ही तरतूद कायम आहे.

मात्र या वकिलाची मर्यादा पैसे मोजण्याआधी समजून घ्या. तो सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार काम करतो. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. पश्चिम बंगालमधील एका खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट सांगितले की, पीडिताच्या वकिलाला सरकारी वकिलाला बाजूला सारून स्वतः तोंडी युक्तिवाद करण्याचा किंवा साक्षीदार तपासण्याचा हक्क नाही. एखादा मुद्दा सुटला असेल तर तो त्याने आधी सरकारी वकिलाच्या नजरेला आणावा.

तेव्हा सिनेमात दिसतो तसा 'आपला वकील उलटतपासणीत आरोपीला लोळवील' या आशेवर गाय विकाल तर फसाल. त्या कामासाठी हा वकील नसतोच.

वकिलाशिवाय आपणच करायची कामे

यातली बरीच कामे घरातले शिकलेले मूल करू शकते.

पहिले काम फिर्यादीचे. फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा. पाहणाऱ्यांची नावे, वेळ, हत्यार, जखम कुठे झाली, हे आले आहे का ते बघा आणि मगच सही करा. गुन्ह्याच्या पहिल्या खबरीची प्रत लगेच विनामूल्य मिळण्याचा तुमचा हक्क आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी कोणतेही पोलीस ठाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेऊ शकते.

ठाण्यात नोंद करून घेतली नाही, तर तीच हकिगत लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा, पुढे कोर्टात जायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

दुसरे काम दवाखान्याचे. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. चार दिवसांनी दाखवलेली जखम कुणाची आणि कशाने झाली, हे सिद्ध करणे जड जाते.

तिसरे काम तपासावर नजर ठेवण्याचे. नव्या कायद्याप्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे असते. कळवले नाही तर लेखी अर्ज देऊन विचारा. एखाद्या साक्षीदाराचा जबाब राहिला असेल तर तेही त्या अर्जातच लिहा.

चौथे काम साक्षीचे. समन्स आले की त्या तारखेला जा आणि कोर्ट सुरू होण्याआधी सरकारी वकिलांना भेटा. आपला पूर्वीचा जबाब काय होता ते समजून घ्या. जे पाहिले तेच सांगा, पदरचे घालू नका. जे आठवत नाही ते 'आठवत नाही' म्हणा. साक्षीदार फितूर झाला किंवा तारखेला आलाच नाही, तर महागातला महाग वकीलही काही करू शकत नाही.

आणि पाचवे काम, माझ्या चुलत्यांच्या कोनाड्याची आठवण ठेवून सांगतो. कोर्टाचा कोणताही कागद आला की तो त्याच दिवशी वाचून घ्या. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेच्या गुरुजींकडे जा.

वकील हवाच अशा जागा

आता जिथे वकिलावाचून नुकसान होते अशा जागा सांगतो.

एक, 'समरी'ची नोटीस. पोलीस प्रकरण बंद करण्याचा जो अहवाल देतात त्याला आपल्याकडे समरी म्हणतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा शोध लागत नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी व खोडसाळ. 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली फिर्याद किंवा मूळ वाद दिवाणी स्वरूपाचा. प्रकरण बंद करण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच ठरवून दिले आहे. ही नोटीस आली की वकिलाकडे धावा. अहवाल मान्य नाही असा अर्ज वेळेत पडला पाहिजे. बांधाच्या भांडणात 'हा दिवाणी वाद आहे' असा शेरा बसण्याची भीती नेहमीच असते.

दोन, पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करूनही फिर्याद नोंदली गेली नाही तर. अशा वेळी फौजदारी न्यायालयाकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. तो वकिलाकडूनच करून घ्यावा.

तीन, उलट फिर्याद. बांधाच्या मारामारीत समोरचाही जाऊन फिर्याद देतो. मग एका प्रकरणात तुम्ही फिर्यादी आणि दुसऱ्यात आरोपी होता. जेथे तुम्ही आरोपी आहात तेथे सरकारी वकील तुमच्या विरुद्ध उभा असतो. तेथे स्वतःचा वकील पाहिजेच.

चार, आरोपीच्या जामिनाला विरोध. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात आंदोलनातले चार शेतकरी मोटारीखाली चिरडले गेले. मुख्य आरोपीला अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये जामीन दिला. ऑनलाइन सुनावणीत मृतांच्या कुटुंबांच्या वकिलाचा संपर्क तुटला होता आणि त्यांचे म्हणणे पुरते ऐकले गेले नव्हते. ती कुटुंबे सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ एप्रिल २०२२ रोजी त्या न्यायालयाने जामीन रद्द केला. तपासापासून अपिलाच्या शेवटापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असेही सांगितले. पुढे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आरोपीला अटी घालून अंतरिम जामीन दिला, पण पीडिताच्या हक्काबद्दलचा तो निकाल कायम आहे. आरोपी बाहेर येऊन साक्षीदारांना धमकावील अशी खरी भीती असेल, तर ती कोर्टापुढे मांडायला वकील द्यावा.

पाच, दोषारोपपत्राची प्रत. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. नव्या कायद्यात आरोपीप्रमाणे पीडितालाही पोलिसांचे कागद विनामूल्य मिळतात, पण पीडिताच्या वतीने वकील असेल तरच. कागद हाती आले तर काय राहिले ते कळते.

सहा, मुद्देमाल. चोरीची बैलजोडी किंवा मोटार सापडली, तर ती खटला संपेपर्यंत ठाण्यात पडून राहावी असे नाही. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर ती परत घेता येते. बैल ठाण्याच्या आवारात उभे राहिले तर पेरणी कशाने करणार? हा अर्ज लवकर करा.

सात, अपील. आरोपी सुटला, हलक्या गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येते. सुटकेविरुद्धच्या अशा अपिलासाठी वेगळी परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले. सरकार अपील करील म्हणून वाट पाहत बसू नका. निकालाची नक्कल घेऊन लगेच सल्ला घ्या.

आठ, ज्या प्रकरणात सरकारी वकील नसतोच अशी प्रकरणे. शिवीगाळ, किरकोळ मारहाण यांची पोलीस नुसती अदखलपात्र नोंद करतात. पुढे जायचे तर खाजगी फिर्याद तुम्हीच चालवायची असते. द्राक्ष, डाळिंब, कांदा घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याचा धनादेश परत आला तर तेही याच जातीचे प्रकरण. येथे मुदती कडक आहेत. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात फिर्याद करायची. 'देतो, देतो' म्हणत व्यापारी या मुदती घालवतो आणि आपण भिडेपोटी गप्प बसतो. धनादेश परत आला की त्याच आठवड्यात वकील गाठा.

वकील हवा, पण पैसे नाहीत

आता मुख्य गोष्ट. वकील हवा म्हणजे गाय विकलीच पाहिजे असे नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला. त्याप्रमाणे तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. तेथे अर्ज केला की वकील मोफत मिळतो.

हा हक्क कुणाला? स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातीची माणसे, अपंग, औद्योगिक कामगार, आणि पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेली माणसे. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. आधार कार्ड, लागत असल्यास उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, आणि फिर्यादीची प्रत घेऊन जा. १५१०० या फोनवरही विनामूल्य माहिती मिळते.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील प्रकरणात आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला कळवून त्याचे ऐकावेच लागते. लहान मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांत मुलाच्या कुटुंबाला आपला वकील घेण्याचा हक्क आहे, आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण तो देते. बलात्कार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. इतर गुन्ह्यांतल्या पीडितांनाही भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

पदरच्या पैशाने वकील घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी पाळा. काम कोणते आणि फी किती हे आधी ठरवा. दिलेल्या पैशाची पावती घ्या. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

त्या ताईंचे काय झाले?

त्या ताई नवऱ्याला घेऊन एस.टी.ने तालुक्याला गेल्या. मनगट त्यांचेच मोडलेले, म्हणजे त्या स्वतः पीडित. शिवाय स्त्री, म्हणून उत्पन्नाचा दाखलाही लागला नाही. समितीने एक तरुण वकीलबाई दिल्या. त्यांनी दोषारोपपत्राची प्रत मिळवून वाचली. मनगटाचे हाड मोडल्याचे क्ष-किरण तपासणीचे कागद त्यात जोडलेलेच नव्हते. समोरच्या रानात पाणी पाजणाऱ्या म्हाताऱ्याने सारे पाहिले होते, त्याचा जबाबही नव्हता. वकीलबाईंनी दोन्ही गोष्टी सरकारी वकिलांच्या कानावर घातल्या. सरकारी वकिलांनी पोलिसांना लिहिले, आणि राहिलेले कागद कोर्टात आले.

खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मी कसे सांगू? तारखा पडतात, ताई प्रत्येक तारखेला जातात. मात्र आता त्या कोर्टात परक्यासारख्या भिंतीला टेकून उभ्या राहत नाहीत. आपल्या प्रकरणात काय आहे, काय नाही, ते त्यांना ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात त्या गावी पुन्हा जाणे झाले. ताईंच्या दारात दोन मिनिटे थांबलो. गाय व्याली होती, कालवड झाली होती. ताईंनी खरवसाची वाटी पुढे केली आणि आत जाऊन एक पिशवी आणली. तीत फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद आणि तारखांची चिठ्ठी, सारे नीट लावून ठेवलेले होते.

आपल्या घरात अशी पिशवी लागण्याची वेळ कुणावर न येवो. आलीच, तर कागद कोनाड्यात टाकू नका.